चांदण्यातील खडक

नांदेडहून आगगाडीने हैदराबादेस येणाऱ्या प्रवाशाने खिडकीबाहेर लक्ष ठेवले, तर वाटेत एके ठिकाणी भूमी आपले रूप पालटते हे त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. मराठवाड्याची काळीभोर शेते, सपाट माथ्याच्या आणि पायऱ्यापायऱ्यांच्या टेकड्या हळूहळू मागे पडतात, आणि निजामाबादच्या आसपासपासून करड्या-गुलाबी रंगाचे गोल गरगरीत धोंडे रानातून डोके वर काढू लागतात. सिकंदराबाद जवळ येते तो, एखाद्या दांडगट मुलाने खेळता खेळता रचून ठेवावेत तसे, घराएवढे धोंडे एकावर एक तोललेले दिसतात. सृष्टी घडवून झाल्यावर उरलेला दगडधोंडा देवाने दख्खनच्या या कोपऱ्यात ओतून दिला, अशी एक कथा लोक सांगतात. कथेतला देव जरा आळशी वाटतो खरा. परंतु ज्याने ती प्रथम रचली त्याची नजर तीक्ष्ण होती, हे मान्य केले पाहिजे.

येथे राहणाऱ्या आम्हां मंडळींना मात्र या खडकांचे अप्रूप राहिलेले नाही. दिवसा उन्हाने तापलेल्या त्या शिळांकडे कोणी पाहत नाही, आणि रात्री तिकडे कोणी फिरकत नाही. पण शुक्ल पक्षातील एखाद्या निरभ्र रात्री, वस्तीच्या दिव्यांपासून थोडे दूर, हेच खडक पाहिले तर ते ओळखू येत नाहीत. दिवसा जो नुसता धोंडा होता त्याला पाठ, खांदा, मान असे अवयव फुटतात. हे असे का होते, आणि जे दिसते ते चित्रकाराने कागदावर कसे उतरवावे, हा आमच्या या लेखाचा विषय आहे. त्यासाठी आम्ही फिनलंड या अतिउत्तरेकडील देशाच्या चित्रकारांना साक्षीस बोलावणार आहोत. वाचकांस हे ओढूनताणून आणलेले वाटेल. परंतु या दोन भूमींचे नाते फार जुने आहे, आणि ते दगडाचे नाते आहे.

महाराष्ट्राचा काळवथर हा तुलनेने तरुण दगड. ज्वालामुखींतून वाहिलेल्या लाव्ह्याचे थर सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी थिजले, त्यांतून सह्याद्री झाला आणि अजिंठ्या-वेरूळची लेणी ज्यात कोरली तो पाषाण झाला. हैदराबादचा ग्रॅनाइट याच्या कितीतरी आधीचा, सुमारे 250 कोटी वर्षांचा आहे. हा रस जमिनीवर आलाच नाही. भूपृष्ठाखाली खोलवर तो अतिशय सावकाश निवत गेला, म्हणून त्याचे स्फटिक मोठे झाले. हातात एखादा तुकडा घेतला तर ते साध्या डोळ्यांनी वेगळे दिसतात: गुलाबी किंवा पांढरट फेल्डस्पार, काचेसारखी गारगोटी, आणि चमकणारे काळे अभ्रक. पुढे वरचे सगळे आवरण झिजून गेले आणि हा गाभा उघडा पडला. भार हलका होताच त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. भेगांतून पावसाचे पाणी शिरले. चौकोनी ठोकळ्यांचे कोपरे आधी कुजले, कारण कोपऱ्यावर पाणी तीन बाजूंनी मारा करते. साखरेचा खडा तोंडात विरघळताना जसा गोल होतो तसेच हे. भोवतीची कुजलेली माती वाहून गेली आणि गोटे जागच्या जागी उभे राहिले. म्हणजे हे धोंडे कोणी एकावर एक ठेवलेले नाहीत. ते तेथेच, त्याच क्रमाने, मातीच्या पोटात कोरले गेलेले आहेत.

फिनलंडची भूमीही अशीच प्राचीन आहे. तेथील बराचसा खडक 180 ते 270 कोटी वर्षांच्या दरम्यानचा असून त्यात ग्रॅनाइट विपुल आहे. मात्र आपल्या खडकाला पावसाने घडविले, तर त्यांच्या खडकाला हिमाने. शेवटच्या हिमयुगात हजारो वर्षे तो सारा देश बर्फाच्या जाड थराखाली दडपलेला होता. सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी तो थर मागे हटला, तेव्हा त्याने उघडे खडक घासून पुसून देवळातल्या पायरीसारखे गुळगुळीत करून ठेवले, आणि बरोबर ओढत आणलेले प्रचंड धोंडे वाटेल तेथे टाकून दिले. त्या खोलगट जागांत पाणी साचून हजारो सरोवरे झाली. खडक, पाणी आणि देवदार जातीची झाडी, एवढेच त्या देशाचे भांडवल. आणि तेथील चित्रकारांनी त्यावरच आपला संसार मांडला.

या चित्रकलेमागे थोडा इतिहास आहे. फिनलंड 1809 पर्यंत स्वीडनच्या ताब्यात होता आणि नंतर 1917 पर्यंत रशियाच्या झारच्या साम्राज्यात होता. राजा परका, सुशिक्षितांची भाषा स्वीडिश, आणि खेड्यापाड्यांतील बहुसंख्य जनतेची भाषा फिनिश, अशी तेथील स्थिती होती. हैदराबाद संस्थानात मराठी शाळांसाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्या खटपटी केल्या त्या ज्यांनी ऐकल्या असतील, त्यांस या स्थितीचा अर्थ निराळा सांगावयास नको. 1835 साली लोकगीतांतून जुळविलेले ‘कालेवाला’ हे महाकाव्य प्रसिद्ध झाले आणि आपल्यालाही काही आहे असे त्या लोकांस वाटू लागले. त्याच शतकात चित्रकारांनी विचारले: आपला देश दिसतो कसा? इटलीची उबदार उन्हे आणि ग्रीसचे भग्न स्तंभ तर आपल्यापाशी नाहीत. मग त्यांनी जे होते तेच रंगविले. ओबडधोबड खडक, काळे पाणी, लांबलचक रात्र.

यांपैकी बहुतेकांचे शिक्षण जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ या नगरात झाले. तेथे निसर्गचित्रणाची मोठी परंपरा होती आणि चांदण्या रात्रीचे दृश्य हा तिचा आवडता विषय होता. यालमार मुन्स्टरयेल्म (1840–1905) हा तेथेच शिकला, आणि चांदण्याचा चित्रकार म्हणूनच त्याची ख्याती झाली. शांत सरोवर, ढगांआडून डोकावणारा चंद्र, पाण्यावर पडलेली रुपेरी वाट. ही चित्रे लोकांना फार आवडत. आवडावीत अशीच ती आहेत. पण आमच्या मते खडकाला खरा न्याय दिला तो फानी चुरबेर्ग या चित्रकर्त्रीने.

फानीचा जन्म 1845 साली वासा या गावी एका डॉक्टराच्या घरी झाला. आईवडिलांचे छत्र लवकरच हरपले. चित्रकला शिकावयास ती ड्युसेलडॉर्फला गेली, परंतु तेथील कलाविद्यालयात स्त्रियांना प्रवेश नव्हता. तेव्हा तिला चित्रकारांकडे खाजगी शिकवणी धरावी लागली. पुढे ती पॅरिसलाही राहिली. तिची वादळे, दलदली, कडे आणि चांदण्या रात्री यांत मुन्स्टरयेल्मची गोडी नाही. रंग दाट, कुंचल्याचे फटकारे उघडे, खडक अंगावर येणारे. चंद्र तिच्या चित्रात शोभेसाठी येत नाही. दगडाचा उग्रपणा दाखविण्यासाठी येतो. तत्कालीन टीकाकारांना हे रुचले नाही. चित्र अपुरे, ओबडधोबड, बायकांच्या हाताला न शोभणारे, असा बोभाटा झाला. 1880 च्या सुमारास, म्हणजे वयाच्या पस्तिशीत, तिने कुंचला खाली ठेवला तो कायमचा, आणि फिनलंडच्या विणकाम-भरतकामाचे पुनरुज्जीवन करणाऱ्या संस्थेच्या कामाला वाहून घेतले. 1892 मध्ये ती वारली. तिची थोरवी लोकांस कळली ती विसाव्या शतकात. हेल्सिंकीच्या आतेनेउम या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आज तिच्या चित्रांना मानाचे स्थान आहे.

आता चित्रकाराची अडचण काय असते ते पाहू. पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लक्षांश असतो. एवढ्या मंद उजेडात आपल्या डोळ्याची व्यवस्थाच बदलते. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाच्या आकाराच्या पेशी अल्प उजेडातही काम करतात; परंतु त्यांना रंग कळत नाही, आणि बारीक तपशीलही कळत नाही. चांदण्यात कारभार मुख्यत्वे या दुसऱ्यांच्या हाती जातो. त्या निळसर-हिरव्या प्रकाशाला अधिक जाणतात आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या असतात. म्हणूनच तिन्हीसांजेला जास्वंदीचे फूल काळे पडते आणि तिचीच पाने उजळ वाटतात. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने प्रथम बारकाईने नोंदविली.

यातून एक चमत्कार निष्पन्न होतो. चंद्राचा प्रकाश हा वस्तुतः सूर्याचाच परावर्तित प्रकाश, आणि मोजून पाहिले तर तो सूर्यप्रकाशापेक्षा किंचित तांबूसच भरतो. तरीही चित्रकार तो निळा रंगवितात आणि आपणही तो निळा मानतो. चित्रकार खोटे बोलत नाहीत. निळेपणा चंद्रात नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे, एवढेच. चंद्राची भूमी तर मुळीच रुपेरी नाही. तिच्यावर पडलेल्या शंभर भाग प्रकाशापैकी सुमारे बारा भागच ती परत पाठविते. आपल्या टेकडीवरील ताजा फोडलेला ग्रॅनाइट तिच्यापेक्षा उजळ असतो. आणि चंद्रावरील ज्या डागांना आपण ससा किंवा हरिण म्हणतो ती काळवथराची मैदाने आहेत. मराठवाड्याच्या वाचकांनी कोजागरीला वर पाहताना हे ध्यानात घ्यावे: वरचा दगड आपल्या गावाकडच्या दगडाच्या जातीचा आहे.

दुसरी अडचण रंगपेटीची. निसर्गातील चंद्र आणि खडकाखालची सावली यांच्या तेजात जे अंतर असते, त्याचा अल्पसा अंशही कागदावर उतरविता येत नाही. पांढरा रंग कागदाहून फारसा पांढरा नसतो, काळा रंगही पुरता काळा नसतो. तेव्हा चंद्र उजळ करता येत नाही हे ओळखून चित्रकार बाकी सारे काळोखात ढकलतो. आकाश अंधारे, झाडी त्याहून अंधारी, आणि सगळा उजेड दोनच ठिकाणी राखलेला: पाण्यावर आणि दगडावर. पाणी हलते, उजेड सांडते. दगड तो धरून ठेवतो. चांदण्यात पाने, गवत, माती यांचे तपशील विरून एकच काळे लुगडे होते. त्यात उघड्या खडकाची पाठ तेवढी फिकट राहते. फिनलंडच्या चित्रकारांना खडक एवढा उपयोगी पडला याचे हे एक साधे कारण आहे. शिवाय चांदण्यात रंगपेटी उघडून बसणे हा वेडेपणा ठरतो, कारण नळीतला हिरवा कोणता व तपकिरी कोणता हेच कळत नाही. पुष्कळ चित्रकार रात्री पेन्सिलीने टिपण करीत, डोळ्यांत साठवून घेत, आणि दिवसा खोलीत बसून रंगवीत. चांदण्याचे चित्र हे अशा रीतीने बरेचसे स्मरणाचे चित्र असते.

आपल्या जुन्या चित्रकलेत रात्र नाही काय? आहे, आणि विपुल आहे. रागमालेची चित्रे, अभिसारिकेची चित्रे, ही बहुधा रात्रीचीच असतात. परंतु तेथे रात्र सांगितली जाते, दाखविली जात नाही. गडद आकाशात चंद्रकोर आणि चार तारका काढल्या, हाती दीप दिला, की रात्र झाली. नायिकेचे वस्त्र आणि अंगणातील फुले मात्र दिवसाच्याच रंगांत झळकत राहतात. दख्खनी शैलीच्या चित्रांतील खडकही असेच मनचे असतात, गुलाबी, जांभळे, पोवळ्यासारखे. ते सुंदर आहेत यात शंका नाही. ती एक वेगळी भाषा आहे, आणि तिला प्रकाशाचा हिशेब विचारणे अन्यायाचे होईल. कवींचेही तसेच. चांदणे म्हटले की त्यांना चकोर आठवतो, विरहिणी आठवते. दगड आठवलाच तर तो चंद्रकांत मणी, चंद्रकिरणांनी पाझरणारा. यात एक गंमत आहे. आज जवाहिरे ज्याला चंद्रकांत म्हणून विकतात तो खडा फेल्डस्पारच्या कुळातला असतो, म्हणजे गोवळकोंड्याच्या धोंड्यांत जो गुलाबी कण आहे त्याचाच भाऊबंद. कवींनी पाझरणारा मणी दूर कोठेतरी कल्पिला, आणि त्याच्या कुळाचे डोंगर येथे उघड्यावर उभे होते.

हे डोंगर आता झपाट्याने कमी होत आहेत. या दगडाला खडी, चिरे, फरशी अशा रूपाने सदैव गिऱ्हाईक आहे, आणि त्याहून मोठे गिऱ्हाईक त्याखालच्या जागेला आहे. बंजारा हिल्स आणि जुबिली हिल्स या भागांत पूर्वी घर बांधणारे खडकाला वळसा घालून बांधीत. काहींनी तर खडकच घराची भिंत केला. पुढे शहर पश्चिमेस माधापूर-गच्चीबावलीकडे धावले तेव्हा सुरुंग आणि यंत्रे आली. जो धोंडा तोलून उभा राहण्यास युगे लागली तो आठवड्यात नाहीसा होतो, आणि त्या जागी काय होते हे पुढच्या वर्षी आलेल्यास सांगताही येत नाही. 1996 साली काही जागरूक नागरिकांनी ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही संस्था स्थापन केली. तिने लोकांना खडक पाहावयास पायी नेले, छायाचित्रे प्रसिद्ध केली, सरकारदरबारी अर्ज केले. आणि शहराच्या वारसास्थानांच्या यादीत राजवाडे व मशिदी यांच्याबरोबर काही खडकसमूहांनाही जागा मिळाली. दगडाला वारसा म्हणणे प्रथम लोकांना हास्यास्पद वाटले असेल. फिनलंडमध्ये तसे वाटले नसते. तेथे चित्रकारांनी तो विचार लोकांच्या भिंतींवर आधीच टांगून ठेवला होता. आमच्या मनात येते की, आपल्या खडकांचे चित्रकार थोडे लवकर आणि थोडे अधिक निघाले असते तर अर्जांचे काम कदाचित हलके झाले असते.

अद्याप पाहण्याजोगे पुष्कळ उरले आहे. हैदराबाद विद्यापीठाच्या आवारात अळंब्याच्या आकाराचा प्रसिद्ध खडक आहे. शिल्पारामममध्ये ‘अस्वलाचे नाक’ म्हणून ओळखला जाणारा खडक आहे. मौला अलीची टेकडी तर एकाच अखंड शिळेच्या घुमटासारखी आहे. दुर्गम चेरुवूच्या काठी पाणी आणि खडक एकत्र दिसतात, म्हणजे मुन्स्टरयेल्मचे सारे साहित्य तेथे आहे. फक्त पलीकडच्या काठावरील इमारतींचे दिवे त्याच्या चित्रात नसते. आणि गोवळकोंडा आहेच. तेथे तट बांधणाऱ्यांनी मोठे धोंडे फोडले नाहीत, तटातच ओवून घेतले. चांदण्यात बाहेरून पाहिले तर निसर्गाचा दगड कोठे संपला आणि कुत्बशाही गवंड्याचा कोठे सुरू झाला हे सांगवत नाही.

आमच्या विद्यार्थिवाचकांपैकी कोणास चित्र काढावयाचे असेल तर त्याने घरच्या वडील मंडळींना बरोबर घेऊन जावे, आणि वेळ विचाराने निवडावी. हेल्सिंकी 60 अक्षांशावर आहे. तेथे उन्हाळ्यात रात्र नीटशी काळोखी होतच नाही, आणि आश्विनातील पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्रीही आकाशाच्या निम्म्या उंचीपर्यंत चढत नाही. त्यामुळे तेथील चित्रांत सावल्या लांब असतात. आपण 17 अक्षांशावर आहोत. कोजागरीच्या मध्यरात्री चंद्र आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो, आणि खडकाची सावली मांजरीसारखी त्याच्याच पोटाखाली दडून बसते. दूध आटविण्यास ती वेळ उत्तम, चित्रास नव्हे. चित्रासाठी चंद्र उगवून तास-दीड तास झाला की बसावे. पौर्णिमेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गेले तर चंद्र उशिरा वर येतो आणि तोवर डोळे अंधाराला सरावतात. पुरते सरावण्यास त्यांना सुमारे अर्धा तास लागतो, आणि एक विजेरी पेटविली की तो सगळा अर्धा तास वाया जातो.

चंद्र पाठीशी घेऊन बसू नये. समोरून उजेड पडलेला खडक थाळीसारखा चपटा दिसतो. खुद्द चंद्राचीही हीच कथा आहे: अष्टमीचा चंद्र अर्धा दिसत असला तरी त्याचा प्रकाश पौर्णिमेच्या अर्धा नसून जेमतेम दशांश असतो, याचे एक कारण असे की तेव्हा त्याच्यावर ऊन तिरपे पडते आणि तेथील खाचखळगे सावल्यांनी भरून जातात. पौर्णिमेस त्या सावल्या आपल्याला दिसत नाहीत, आणि चंद्र नुसता तेजाचा पत्रा होतो. म्हणून चंद्र डाव्या किंवा उजव्या अंगाला असू द्यावा. खडकाची बाह्यरेषा काढण्याच्या भरीस न पडता आधी सावलीचे आकार काढावेत; प्रकाशाची बाजू कागदानेच राखावी. एकटक पाहिल्यास अंधुक वस्तू नाहीशी होते, कारण डोळ्याच्या मध्यभागी ते रात्रीचे दंड नाहीत. तेव्हा किंचित बाजूला पाहून न्याहाळावे. अभ्रकाचा एखादा कण मध्येच लकाकेल, त्याची जागा लक्षात ठेवावी. रंग दुसऱ्या दिवशी सकाळी लावावे, आणि ते लावताना खिडकीतून खडक गुलाबी दिसत असला तरी रात्री तो तसा दिसला नव्हता हे आठवून लाल नळीचे झाकण बंदच ठेवावे.